दाजींच्या विमानाचा आतला रंग

माणसाचा अंत पाहायची कला अख्ख्या मराठवाड्यात आमच्या दाजींइतकी कुणालाच साधलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अहमदपूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी फायबरचं दोन माणसांचं विमान स्वतःच्या हातांनी बांधलं. विमान बांधणं एकवेळ परवडलं. ते आतून रंगवणं आमच्या मुळावर आलं. पांढरा रंग दिला, तर उन्हात काचेवर तिरीप मारतो म्हणून घासला. करडा दिला, तर वजन पाव किलोने वाढलं म्हणून घासला. एकदा मी नुसता आत बसलो, तर माझ्या पट्ट्याच्या बकलाने ओरखडा उठला. तेव्हापासून पट्टा, घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवून आणि पाय धुऊनच प्रवेश. ते विमान मी कायम एका हाताने पॅन्ट धरूनच पाहत आलोय.

ताईचं मागणं एवढंच होतं, की मुखेडकडचं आपलं गाव एकदा वरून पाहावं. पण तिचे गुडघे गेले होते. विमानात चढणं तिला महिन्यागणिक अवघड होत होतं आणि दाजींचा घासकागद काही थांबत नव्हता. शेवटी मी भडकलोच.

"दाजी, काय करून राहिलात तुम्ही? ताईला पायरी चढणं होईना आता!"

दाजींनी ताईच्या सीटशेजारी चिकटवलेला कागद उचकटला. खाली तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक होतं. रंगकामाच्या पहिल्या दिवशी ताईने ते काढलं, तेव्हा तेलावर रंग धरत नाही म्हणून याच माणसाने शेड डोक्यावर घेतली होती.

"हे ऱ्हावं म्हणून वरून वार्निश देतो, पाव्हणं, पर ते टिकतच न्हाई. पोपडे येतेत, भवतालचा रंग घेऊन निघतेत. मग सगळंच घासावं लागतंय."

"मग पुसून टाका की!"

"कसं पुसू?"

म्हणजे तिरीप आणि वजन या निव्वळ थापा! हसावं की डोकं आपटून घ्यावं, मला कळेना. मी तसाच जाऊन ताईला रिक्षात घालून आणलं. तिने सगळं ऐकून घेतलं, दाजींच्याच थिनरचा बोळा उचलला आणि स्वस्तिक पुसलं.

"अगं, कुंकू पुसतीस? अवलक्षण!" अंधश्रद्धेवरून जन्मभर पोरांना झोडपलेला माणूस ओरडला.

"कुंकू परत लावता येतंय," ताई म्हणाली. "गुडघे न्हाई."

त्या जागेवर दाजींनी मुकाट्याने रंग दिला. पहिल्यांदाच डबा वजनकाट्यावर ठेवला नाही.

विमान अजून उडायचंय. परवानगीचा कागद यायचाय. पण परवा गेलो, तर पंखाशी बुटक्या पायऱ्यांची एक लाकडी घोडी उभी होती. ताईसाठी केलेली. घोडीला रंग द्यायला दाजी विसरलेत, आणि मी आठवण करून देणार नाही.