कडुबाचं गोड नाव

करमाडच्या पुढं जालना रोड सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं. गावात देवळं अकरा आहेत, पण हरवलेलं नाव शोधून देणारी एकच, रूपाली. पत्र्याचं दुकान, एक कॉम्प्युटर, खोकल्यासारखा आवाज करणारा प्रिंटर आणि एक जाड वही, एवढाच तिचा संसार.

रूपालीची सगळी विद्या तिच्या अशुद्धलेखनात आहे. चौथीत असताना पठाडे गुरुजी तिच्याकडून प्रत्येक चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घेत. "या पोरीला ऱ्हस्व-दीर्घ जन्मात कळायचं नाही," असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते. गुरुजींची वाणी खरी ठरली आणि त्यावरच दुकान उभं राहिलं. कारण सरकारी यादीत नाव शोधायचं तर ते बरोबर लिहून भागत नाही. लिहिणारा जिथं चुकला, नेमकं तिथंच आपल्यालाही चुकावं लागतं. शुद्ध माणसं इथं हात हलवत परत जातात.

याद्याही एक नाहीत. आधारची वेगळी, रेशनची वेगळी, मतदारांची वेगळी, दवाखान्याच्या योजनेची वेगळी. वाटण्या झालेल्या भावांसारख्या त्या एकाच वाड्यात राहतात, पण एकीच्या चुलीवर काय शिजतं ते दुसरीला माहीत नसतं. रूपाली आपल्या वहीत प्रत्येक माणसाच्या नावापुढं त्याच्या सगळ्या चुका लिहून ठेवते. गावाचा इतिहास कुणाला वाचायचा असेल तर ती वही वाचावी.

कापूस वेचणीच्या दिवसांत एका सकाळी कडुबा न्हावी बायकोचा हात धरून दुकानात आला. लिंबाखाली खुर्ची मांडून त्यानं चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केल्या. आता डाव्या डोळ्यावर दूध सांडल्यागत झालंय आणि उजवाही त्याच वाटेनं निघालाय. वर्षभर गावानं सांभाळून घेतलं. पण माणसाला कान दोनच असतात. एकेक गिऱ्हाईक शेंद्र्याच्या सलूनकडं वळलं. वस्तरा सुटला तर कडुबाजवळ दुसरं काही नव्हतं.

"परवा शिबिराची गाडी येतीय, रूपे," कडुबा म्हणाला. "योजनेत नाव असंल तर आपरेशन करतेत. बघ बरं मी हाय का."

"हाय की. समोर बसलाय," चंपाबाई म्हणाली.

"तू गप. सरकारात हाय का ते इचारतोय मी."

रूपालीनं वही उघडली. आधारवर तो कडुबा होता. रेशनवर कडोबा. मतदार यादीत मात्र 'कडबा'. दर पाच वर्षांनी एक पेंढी कडबा रांगेत उभा राहून मत देतो आणि त्याच्या बोटाला शाई लावली जाते, याचं आमच्या लोकशाहीला कधी नवल वाटलं नाही. पण योजनेच्या यादीत यातलं एकही नाव लागेना. कडूबा, कदुबा, काडुबा, गडुबा. तिनं दुपारपर्यंत चुकून पाहिलं.

"मामा, तुमच्या नावात आता चुकायला जागाच उरली नाय," ती म्हणाली.

मग तिनं त्याला सोडलं आणि त्याच्या बायकोला धरलं. नाव सगळं टाकलं तर यादी बिचकते, म्हणून नुसतं 'चंपा' टाकलं. एक ओळ आली. चंपावती मधुकर.

"ह्यो मधुकर कोण गं, मामी?"

"मला काय म्हाईत, बाई," चंपाबाई नवऱ्याकडं बघत म्हणाली. "म्या तर एकालाच हार घातला व्हता."

तेवढ्यात पठाडे गुरुजी आले. पेन्शनसाठी आपण जिवंत आहोत हे दरवर्षी अंगठा टेकून पटवून द्यायला ते रूपालीकडं येतात. हनुवटीवर कापूस चिकटवलेला होता. गावात कडुबाकडं अजून दाढी करणारे ते एकटेच. भीती वाटली तरी सवय मोडायची नाही, हे त्यांचं तत्त्व.

"मधुकर? अरे, हाच तो," गुरुजी खुर्चीत टेकत म्हणाले. "शाळेत घालायला आणला तेव्हा मी नवीनच लागलो होतो. कडुबा हे काय माणसाचं नाव आहे? कडूचं मधु केलं, मधुकर लिहिलं. हा चार दिवसांतच शाळेतून पळाला, त्याला काय आठवणार. पुढं योजनेची मोजणी करणारे माझ्याच ओट्यावर बसले होते. घरोघर कशाला हिंडता, म्हटलं, गाव मला पाठ आहे. त्या यादीत एकही अशुद्ध नाव सापडायचं नाही."

रूपालीला आता कळलं. सकाळपासून ती चुका शोधत होती आणि नाव शुद्ध होतं.

"दोन्ही नावांचा माणूस एकच, असं गुरुजींनी लिहून दिलं की झालं," ती म्हणाली. "शिबिरात चालतं."

"देतो की. खरं नाव मधुकर, बोलीतलं कडुबा."

"नाय," कडुबा म्हणाला. "त्या नावानं मी टेबलावर झोपायचा नाय. त्यापरीस आंधळा बरा."

"का रे बाबा?"

"माज्या आधीची तीन गेली, गुरुजी. मी झालो तवा आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठिवलं आन् मग उचललं. नाव ठिवलं कडुबा. मरणानं तोंड लावलं तर थुकून टाकावं म्हणून. तुमी तर मध लावून ठिवलाय."

गुरुजींनी छत्तीस वर्षं शाळा शिकवली. हे नाव का ठेवलं, असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ते हनुवटीवरचा कापूस चाचपू लागले. मग रूपालीनं कोरा कागद पुढं सरकवला.

"काय लिहू?" वर्गातल्या पोरासारखं त्यांनी विचारलं.

"चूक झाली ते लिवा, गुरुजी. एकदाच लिवा. धा येळा नको," रूपाली म्हणाली.

गुरुजींनी पेन उचललं. त्यांनी लिहिलं, 'कडुबा हेच खरे नाव. मधुकर ही माझी चुक आहे.' खाली सही केली. 'चुक'मधला उकार ऱ्हस्व पडला होता. रूपालीनं तो पाहिला, पेनाचं टोपण लावलं आणि कागद तसाच स्कॅन केला.

शिबिराच्या गाडीनं कडुबा शहरात गेला. दवाखान्यात नर्सनं तीनदा "मधुकर" अशी हाक मारली. कुणी उठेना. शेवटी चंपाबाईनं कोपर मारलं, "उठा, तुमालाच बोलावतेत." कडुबानं खिशातला कागद दाखवला आणि मनगट पुढं केलं. मनगटाच्या पट्टीवर कडुबा लिहून झाल्यावरच तो आत गेला.

आता एका डोळ्यानं त्याला लिंबाची पानं मोजता येतात. गुरुजींच्या हनुवटीवर कापूस नसतो. रूपालीच्या वहीत कडुबा, कडोबा, कडबा या नावांखाली एक ओळ वाढली आहे, मधुकर. त्यापुढं तिनं कंसात लिहिलंय 'चुक', गुरुजींनी लिहिला तसाच.