एक खातं वगळून

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. ऐकून माझ्याबद्दलचं तुमचं मत बिघडेल — बिघडू द्या.

इतवारीतल्या भांड्यांच्या एका घाऊक दुकानाचे नऊ कॉम्प्युटर मी सांभाळते. पासवर्डचे नियमही माझेच — किमान बारा अक्षरं, त्यात आकडे, चिन्हं, आणि दर महिन्याला नवा. मला त्या कडकपणाचा अभिमान होता. ऑर्डरी घेणाऱ्या शोभाताई कामठीहून यायच्या, अठरा वर्षं त्याच खुर्चीत. म्हणाल्या, "पोरी, दर महिन्याले नवीन कसं ध्यानात ठेवू वं?" मी हसले. त्यांनी पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली. मी ती सगळ्यांसमोर फाडली — एकदा नाही, दोनदा.

मग एका सोमवारी दुकान उघडलं, तर एकही फाईल उघडेना. बाहेरून कुणीतरी घुसून सगळं कुलूपबंद केलं होतं. शेठजींनी विचारलं, कुठून घुसले? मी बोलायच्या आतच सगळ्यांच्या नजरा शोभाताईंच्या स्क्रीनकडे वळल्या. तिथे तिसरी चिठ्ठी होती.

पण दूर कुठेतरी बसलेल्या चोराला ती चिठ्ठी दिसणार कशी? हे कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं.

दुपारपर्यंत मी कोण कुठून शिरलं याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी तपासल्या. चोर आला होता माझ्या खात्यातून — सगळ्या कॉम्प्युटरांच्या चाव्या ज्या खात्यात, त्यातून. त्याचा पासवर्ड? दुकानाचं नाव आणि एक-दोन-तीन. पहिल्या दिवशी घातलेला, चार वर्षं तोच. नियमांतून मी एकच खातं वगळलं होतं — माझं. का? कंटाळा. दुसरं काही नाही.

नोंदी मी पुसून टाकल्या. फायली बॅकअपमधून परत आणल्या, आणि शाबासकीही घेतली.

शोभाताईंना दुसऱ्याच दिवशी काढलं. डबा पिशवीत घालून त्या माझ्या टेबलापाशी आल्या. "खरं सांग वं, माह्या चिठ्ठीनंच झालं का?"

मी गप्प बसू शकले असते. मग आज म्हणता तरी आलं असतं, की घाबरले. नाही — घाबरले नव्हते. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "हो, ताई."

"मंग बरोबरच केलं शेठजीनं," त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या.

दुकानाच्या कॉम्प्युटरांचं काम अजून माझ्याकडेच आहे. मनीषनगरच्या घरात मला झोप लागते, जेवणही जातं — नाही म्हणून कुणाचं समाधान करू? शोभाताईंचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. जे त्यांना सांगायचं, ते मी तुम्हाला सांगितलं. त्यांना सांगणार नाही.