अण्णाचं गाणं कितवं?

रामनगरात आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी शॉर्टवेव्हवर परदेशी गाण्यांची क्रमवारी लागायची. तार फणसावर बांधली की लंडन खरखरत यायचं. पहिल्या नंबराकडे येताना निवेदक असा गंभीर व्हायचा, जणू गाण्याला राज्याभिषेकच व्हायचा होता. मी हसायचो. माझा थोरला भाऊ अण्णा हसायचा नाही.

लाकूड डेपोत कारकून असलेल्या अण्णाचा जीव एका अमेरिकन चौकडीवर होता. भजनासारखं एकानं गायचं, बाकीच्यांनी झेलायचं. चौघं भांडून वेगळे झाले होते. त्या वर्षी पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी नवं गाणं काढलं. ते आठव्या नंबरावर आलं, मग पाचव्या. तोवर अण्णानं अंथरूण धरलं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी ‘आता घरी न्या’ म्हटलं होतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला होता.

“भांडून परत आलेली माणसं हायत ती,” तो म्हणायचा. “पयली येणारच. मला झोप लागली तर ऐकून ठेवा.”

गुरुवारी तो गेला.

शनिवारी आईनं रेडिओ ओसरीवर आणला. काका दचकले. “वैनी, सुतकात गाणी?”

“गाणी न्हाईत. नंबर ऐकायचाय. त्यानं सांगून ठेवलंय.”

यावर काकांकडे शास्त्र नव्हतं. आईकडे मात्र पद्धत होती. निवेदक बोलला की आवाज वाढवायचा, गाणं लागलं की पार मिटवायचा. मधूनच जरा वाढवून पाहायची; गाणं चालूच असलं तर चटका बसल्यासारखी पुन्हा मिटवायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. प्रत्येक नंबराला माझ्याकडे बघायची आणि मी नकाराची मान हलवायचो.

शेवटी नाव आलं.

“कितवं?”

“दुसरं.”

“पयलं न्हाई?”

“न्हाई.”

तिनं आवाज मिटवला. या खेपेला मधे वाढवून पाहिलं नाही. बटणावर हात तसाच ठेवून म्हणाली, “संपलं की सांग.”

मुक्या रेडिओवरून मी काय सांगणार? नुसता दिवा पेटलेला. मी ते गाणं मनातल्या मनात म्हणू लागलो, अण्णा म्हणायचा तशा चुकीच्या इंग्रजीत. शेवटापर्यंत आलो तेव्हा आई माझ्याकडेच बघत होती. ‘संपलं’ म्हणायच्या ऐवजी मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.