देवमनसाठी राखलेली प्रत

शकुन मेहरेंच्या हातचं पत्रक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दर्यापूरच्या वाचनालयात तेहतीस वर्षं त्यांनी पुस्तकांची सूची केली. एकेका पुस्तकाचं एकेक पत्रक, लाकडी खणात ओळीनं लावलेलं. "पुस्तकावर छापलं हाये तेवढंच उतरवाचं, पदरचं काई घालाचं नाई," हा बाईंचा खाक्या. एका अध्यक्षानं आपल्या मेहुण्याचं नाव देणगीदार म्हणून चढवायला सांगितलं, तर यांनी पेन त्याच्यापुढं सरकवला. "तुमीच लिवा, अन् खाली सहीबी करा." अध्यक्ष पुन्हा खणाकडं फिरकला नाही.

अशी ही बाई पर्समध्ये एक पत्रक घालून अकोल्याच्या एसटीत बसली होती, अन् तेही स्वतः केलेली चूक निस्तरायला! कसं ते सांगतो.

या वाचनालयाची एक जुनी रीत होती. हवं ते पुस्तक दुसऱ्याकडं गेलेलं असलं, की पत्रकाच्या पाठीवर पेन्सिलीनं आपलं नाव लिहायचं. पुस्तक परत आलं, हातात पडलं, की नाव खोडायचं. मधमाश्या पाळायच्या पुस्तकाच्या पत्रकामागं नऊ नावं खोडलेली होती. दहावं तसंच होतं. देवमन मेहरे. शकुनबाईंचा धाकटा भाऊ.

देवमन एकोणीस वर्षांचा होता. बाजारात भाजीच्या दुकानावर पुस्तकात डोकं घालून बसला, अन् इकडं गायीनं मेथीच्या जुड्या फस्त केल्या. बाप आला अन् चारचौघांत त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. आता एका थापडेपायी कोणी घर सोडतं काय? पण हा गेला. अमरावतीच्या जीपमध्ये बसताना कोणीतरी त्याला पाहिलं, तेवढंच. वरूडच्या संत्र्याच्या मंडीत शोधलं, मोझरीच्या आश्रमात शोधलं, पत्ता नाही. ही एक्क्याण्णव सालची गोष्ट. पुढच्या वर्षी शकुन वाचनालयात नोकरीला लागली, अन् पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव सापडलं. तेव्हापासून ते पुस्तक तिनं कोणाला दिलं नाही. नंबर देवमनचा होता ना!

रेशन कार्डातून त्याचं नाव बापानं रागाच्या भरात कमी केलं. मतदार यादीतून सरकारनं काढलं. बाप गेल्यावर शेताच्या कागदावर ते चढलंच नाही. साऱ्या दुनियेत या एका पत्रकावर देवमन शिल्लक राहिला होता. त्याची माय पार्बताबाई, वय शहाऐंशी, अक्षरओळख नाही. पण लेक घरी आली की रोज विचारायची, "खोडलं काय वं त्याचं नाव?"

"नाई माय."

"मंग ठीक हाये." अन् मगच जेवायला बसायची.

यंदा वाचनालयाची सूची ऑनलाइन करायचं ठरलं, अन् त्यानंतर पत्रकं रद्दीत द्यायची असंही ठरलं. रिटायरमेंटला सहा महिने राहिले असताना शकुनबाई अमरावतीला जाऊन एक्सएमएल शिकून आल्या. त्यात सगळ्या गोष्टींना आगेमागे टॅग लावायचा. इथं पुस्तकाचं नाव सुरू झालं, इथं संपलं. इथं लेखक सुरू झाला, इथं संपला. टॅग कोणते, ते ठरलेले. मग दिल्लीचं काय अन् दर्यापूरचं काय, कोणतंही यंत्र ती नोंद वाचतं. बाईंना हे भारी आवडलं. पदरचं काही घालायला जागाच नव्हती.

अन् मधमाश्यांच्या पुस्तकाशी येऊन त्यांचा हात थांबला. पत्रकाची पुढची बाजू सगळी टॅगांत बसली. पाठीचं काय करायचं? रद्दीवाला परवा यायचा होता. बाईंनी जन्मात केलं नाही ते केलं. स्वतःच्या मनानं एक टॅग बनवला, 'वाट-पाहणारा', अन् आत भावाचं नाव लिहिलं.

सूची ऑनलाइन चढवायचं काम अकोल्याच्या एका एजन्सीकडं होतं, तिनं फाइल परत पाठवली. नोंद चार हजार एकशे सतरा, अनोळखी टॅग, काढून टाकावा. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून ही एसटी.

एजन्सीतल्या आचल नावाच्या मुलीनं पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. "मॅडम, असा टॅग कोठंच नाई. सारं मानकच बिघडते त्यानं." शकुनबाईंनी मान हलवली. हेच तर त्या आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या! मग त्यांनी मेथीपासून सगळं सांगितलं. आचलनं टॅगांची यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. "मावशी," ती म्हणाली, "एक टॅग हाये. या प्रतीविषयीची टीप. त्यात वाचनालयानं आपल्या प्रतीबद्दल लिवलं तं चालते."

बाईंनी तिथंच बसून टाइप केलं, 'ही प्रत १९९२ पासून देवमन मेहरे यांच्यासाठी राखून ठेवली आहे.' नोंद चढली. आचलनं शोधायच्या चौकटीत 'देवमन मेहरे' टाकलं, अन् एक निकाल आला. भावाचं छापील नाव बाईंनी कितीतरी वर्षांनी पाहिलं. त्यांना रडू आवरेना.

संध्याकाळी मायनं विचारलं, "खोडलं काय वं?"

"नाई माय. हे पाह्य." शकुनबाईंनी मोबाइल पुढं धरला. म्हातारीनं अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे कोठूनबी दिसते?"

"हो. तो जेथं असन, तेथून."

"मंग त्यात लिव," म्हातारी म्हणाली, "का तुया बाप आता नाई राह्यला. जाईपरेंत तुयंच नाव घेत होता. कोनी मारत नाई म्हना आता."

"माय, तसं लिवता येत नाई. पुस्तकाची नोंद हाये ते."

"बरं." म्हातारीनं ताट पुढं ओढलं, पण घास मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी शकुनबाई सकाळीच वाचनालयात गेल्या. नोंद चार हजार एकशे सतरा उघडली. टिपेच्या टॅगमध्ये पहिल्या वाक्यापुढं त्यांनी आणखी लिहिलं, 'पुस्तक जागेवर आहे. बाबा गेले, शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होते. आता कोणी मारत नाही. माय जेवायची थांबली आहे, ये.' टॅग बंद केला अन् नोंद तपासायला टाकली.

यंत्रानं ती वरपासून खालपर्यंत वाचली. एकही चूक निघाली नाही.