साळीचं गोत

आईला कुणी अडाणी म्हटलं तर ती हसून सोडून देते. बियाण्यात तिच्यामुळे भेसळ झाली म्हटलं, तेव्हा मात्र तिला ते सोडता आलं नाही.

बोरी गावच्या बियाण्याच्या दुकानातून आणलेली नवी साळ, म्हणजे भाताचं बी, तिने शेताच्या खालच्या ओलसर तुकड्यात तिफणीने पेरली होती. लोंब्या धरल्या तेव्हा निम्मी झाडं बुटकी आणि पिकत आलेली, निम्मी कमरेएवढी उंच आणि हिरवीगार. तक्रार घेऊन आम्ही दोघी गेलो, तर भर बाजाराच्या दिवशी दुकानदार म्हणाला, "तुमच्याच घरची जुनी साळ तिफणीत ऱ्हायली आसंल, मावशी." गिऱ्हाइकं हसली. हीच माणसं वर्षानुवर्षं आईकडून निवडलेलं बी नेत होती. त्यानंतर बी न्यायला कुणी फिरकलं नाही. दुकानदाराचा राग आलाच, पण हसणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

मी परभणीत बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. साळीचा डीएनए तपासू म्हटल्यावर आईने विचारलं, "पोराचा बाप कोन ते सांगतेत, तेच का?"

तेच, म्हटलं. उंच आणि बुटक्या झाडांची कोवळी पानं नेली, आईच्या मडक्यातली जुनी साळही नेली. घरचं प्रकरण म्हणून मी हात लावला नाही. सगळं प्रयोगशाळेतल्या सोबतच्या बाईंनी केलं. प्रत्येक वाणाच्या डीएनएत ठरावीक जागी ठरावीक खुणा असतात, त्या पट्ट्यांसारख्या उमटतात. उंच आणि बुटक्या झाडांच्या पट्ट्या वेगवेगळ्या निघाल्या, आणि दोन्हीही आईच्या साळीशी जुळल्याच नाहीत. ती दोन्ही वाणं आमच्या घरात आधी कधी नव्हतीच. आली ती दुकानातल्या पिशवीतून.

अहवाल हाती आल्यावर पुढच्या बाजारी तो घेऊन आम्ही दुकानात गेलो. आता दुकानदाराने आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, चहा मागवला. माल वरूनच तसा आला, नवी पिशवी फुकट देतो, असं तो हळू आवाजात म्हणाला. माझं डोकं फिरलं. आळ घेताना सगळा बाजार ऐकेल एवढा आवाज होता, आणि कबूल करताना दार लोटून कुजबुज.

आईने चहाला हात लावला नाही. ती उठली, बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदर खोचला.

"बोललात ते लोकांमंदी," ती म्हणाली. "आता सांगायचं बी लोकांमंदीच. गिऱ्हाईक येऊ द्या. आमी हितंच हाव."

मी चपला काढून तिच्या शेजारी बसले.