खुर्च्या भरायला नेलं होतं

‘‘ए, तू. ऊठ. खरे पाहुणे आलेत.’’

एचआरचे साहेब बोट दाखवत होते. मी उठले. माझ्या खुर्चीवर जो माणूस बसणार होता, त्यानं आधी रुमालानं ती झटकली. आत्तापर्यंत तिथं मी बसले होते. धूळ कुठून आली?

सकाळी याच साहेबांनी मला तिथं बसवलं होतं. मोशीतला तो भलामोठा एसी हॉल. पाहुणे येईपर्यंत तो ओकाबोका दिसू नये म्हणून चाकणच्या कंपन्यांतून बस भरून ट्रेनी आणतात. आमच्याकडं हे नेहमीचंच. उद्घाटन असो की सत्कार, लाइनवरच्या पोरी उचलायच्या आणि खुर्च्या भरायच्या. हजेरी लागते, नाश्ता मिळतो, वरून गार वारा. अट एकच, युनिफॉर्म घालायचा नाही. कॉलेजच्या मुली वाटलो पाहिजे. पोरी खूश असतात. खोटं कशाला बोलू, मीपण असायचे.

त्या दिवशी तर मी हरखूनच गेले होते. कारण बॅनरवरचा विषय. देशाची पुढची पंचवीस वर्षं! कुणाशी व्यापार वाढवायचा, कुणाशी दोस्ती करायची, कुणापासून चार हात लांब राहायचं, आपल्या कारखान्यांत काय बनवायचं आणि काय बाहेरून आणायचं. हे सगळं ठरवायला देशोदेशीचे तज्ज्ञ आले होते.

मी लातूरकडची. बारावी झाल्यावर चाकणला आले आणि वायरिंगच्या लाइनवर लागले. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो ना, तो आम्ही बांधतो. दिवसभर उभ्यानं. पाय असे सुजतात की चप्पल निघत नाही. शिफ्ट करत करत मी मुक्त विद्यापीठातून राज्यशास्त्रात बी.ए. केलं, आता एम.ए. चालू होतं. आंतरराष्ट्रीय संबंध हा माझा जीव की प्राण. कंपनीच्या बसमध्ये मी पेपरातलं परदेशाचं पान वाचायचे, म्हणून पोरींनी माझं नाव ‘परराष्ट्रमंत्री’ ठेवलं होतं. ‘‘मंत्रीणबाई, आज कुणाशी तह केला?’’ वैशाली रोज विचारायची. वैशाली चाकणशेजारच्याच गावातली, लाइनवर माझ्या बाजूला काम करणारी. मला तिचा राग यायचा नाही. उलट आतून गुदगुल्या व्हायच्या.

तर मी उठले आणि मागच्या रांगेत गेले. वैशाली तिथंच होती. ‘‘काय मंत्रीणबाई, खातं काढून घेतलं व्हय?’’

मी हसले.

आणि मग ती बोलायला उभी राहिली.

पुण्यातली. माझ्याच वयाची. परदेशात शिकली, तिथंच धोरणं आखणाऱ्या एका मोठ्या संस्थेत काम करते, असं सूत्रसंचालकानं सांगितलं. तिला बघून मला जे झालं त्याला हेवा म्हणतात. मी त्याला दुसरं गोड नाव देणार नाही. साधी सुती साडी, धड इस्त्रीसुद्धा नाही, तरी काय शोभत होती! मी चुरगळलेलं घातलं तर गबाळी म्हणतील. एक गोरा म्हातारा तज्ज्ञ मधेच काहीतरी म्हणाला. ही शांतपणे म्हणाली, मला हे पटत नाही. आणि तो चक्क मान डोलवत लिहून घ्यायला लागला! मी लाइन लीडरला एकदा ‘पटत नाही’ म्हणून बघते, मग कळेल. तिनं अर्धा ग्लास पाणी पिऊन ठेवलं. कुणीतरी येऊन तो भरून गेलं. तिला पत्तासुद्धा नाही. मला ते पाणी नको होतं. मला तो पत्ता नसणं हवं होतं. तिचं इंग्रजी हवं होतं. तिचे न सुजलेले पाय हवे होते.

ती बोलत होती त्यातलं बरंचसं मी वाचलेलं होतं. म्हणून तर जास्त जळत होते. काही कळलंच नसतं तर टाळ्या वाजवल्या असत्या, पुरीभाजी खाल्ली असती आणि रूमवर येऊन झोपले असते.

मग तिनं आमचा विषय काढला. कारखान्यातली स्त्री. देशाचं भविष्य या स्त्रीच्या हातात आहे, म्हणाली. ती स्त्री मागच्या रांगांत एक नाही, पन्नास जणी होऊन बसली होती. बोलणारीनं एकदाही मान वर करून आमच्याकडं बघितलं नाही.

प्रश्न विचारायला सांगितल्यावर मी हात वर केला.

‘‘अगं बये, हात खाली घे. सायब बघतोय.’’ वैशालीनं माझी ओढणी ओढली.

मला माहीत होतं साहेब बघतायत. माझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. नवं मिळालं की मला तपासणीच्या टेबलावर घेणार होते. तिथं बसून काम असतं. त्या टेबलासाठी मी वर्षभर वर मान करून बोलले नव्हते. तरी हात खाली येईना. माइक फिरवणाऱ्या मुलीला मी कॉलेजची वाटले. तिनं माइक दिला.

‘‘मराठीत विचारलं तर चालेल का?’’

‘‘अगदी चालेल!’’ पुण्याची ती गोड हसली.

मनात जुळवून ठेवलेलं सगळं उडालं. म्हणाले, ‘‘मी लाइनवर काम करते. तुम्ही आमचं पुढचं ठरवताय. मग तुमच्या त्या स्टेजवरच्या टेबलाशी आमच्यातलं कुणी का नाही? आम्हाला का बसवत नाही?’’

बस्स. एवढंच. त्यात काही फार हुशारी नव्हती.

ती परदेशी पाहुण्यांकडं वळली आणि तिनं इंग्रजीत सांगितलं, की ही मुलगी विचारतेय, येणाऱ्या नव्या कारखान्यांसाठी आम्हाला आणखी प्रशिक्षण मिळेल का. आणि वर म्हणाली, किती सुंदर प्रश्न आहे.

टाळ्या! हॉलभर टाळ्या. वैशालीनंही वाजवल्या, बिचारीला वाटलं मलाच वाजवतायत.

तेवढं इंग्रजी मला येतं. मी माइक सोडला नाही.

‘‘मी असं म्हणाले नाही.’’

टाळ्या थांबल्या. ती अजून हसतच होती. ‘‘ताई, भावार्थ तोच आहे ना.’’

‘‘नाही. मी ट्रेनिंग मागितलं नाही. मी खुर्ची मागितली.’’

माइक बंद झाला. माझे ओठ हलत राहिले, आवाज माझ्यापुरता. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. सूत्रसंचालक म्हणाला, वेळेअभावी आपण पुढं जाऊ.

साहेब आले. माझा दंड धरला. ‘‘नाटकं करायला आणलंय का तुला? कॉन्ट्रॅक्ट हवंय ना? मग तोंड बंद ठेव.’’

ठेवलं. अर्धा तास मी तोंड बंद ठेवलं. मला कॉन्ट्रॅक्ट हवंच होतं.

शेवटी फोटो. तज्ज्ञांसाठी पुढं खुर्च्यांची रांग मांडली. साहेब आमच्याकडं पळत आले. ‘‘मुलींनो, पटापट मागं उभ्या राहा. फोटोत कामगार महिला दिसल्या पाहिजेत. आणि स्माइल करा जरा.’’

सकाळी आम्ही कॉलेजच्या मुली होतो. दुपारी कामगार महिला झालो. सांगाल ते होतो आम्ही. पोरी निघाल्या. मी पण निघाले. खुर्च्यांना नावाच्या पट्ट्या लावल्या होत्या. तिच्या नावाच्या खुर्चीपाशी आले आणि माझे पाय पुढं जाईनात. देवाशप्पथ, ठरवून काही केलं नाही. मी बसले.

ती आली. ‘‘सॉरी, ही माझी जागा आहे.’’

‘‘माहितीये. म्हणूनच बसलेय.’’

आधी तिला वाटलं मी गंमत करतेय. मग माझ्याजवळ वाकली. हळू आवाजात म्हणाली, ‘‘रागावलीस का? अगं, तुझ्यासारख्या मुलींसाठीच तर मी हे सगळं करते.’’

‘‘माझ्यासाठी नका करू. मला करू द्या.’’

तिनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावर वैताग होता. बसमध्ये कुणी अंगावर रेललं की येतो तसा. बरं वाटलं मला. फार बरं वाटलं.

साहेब लांबून हातवारे करत होते, ऊठ, ऊठ. पाहुण्यांसमोर ओरडता येत नव्हतं त्यांना. मी उठले नाही. तेवढ्यात त्या गोऱ्या म्हाताऱ्यानं स्वतःची खुर्ची तिला दिली आणि बाजूला उभा राहिला. त्याच्या मोठेपणाला टाळ्या पडल्या. फोटो निघाला. मी हसले नाही.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझा पास चालेना. वॉचमननं खाली बघत सांगितलं, ‘‘वरून ऑर्डर आहे, ताई.’’ टेबल गेलं. लाइन पण गेली.

वैशाली संध्याकाळी कंपनीत राहिलेला माझा डबा आणि चपला घेऊन रूमवर आली. ‘‘एका फोटोपायी कामावर पाणी सोडलंस. काय मिळालं गं तुला?’’

‘‘काही नाही,’’ म्हणाले. खरंच काही नाही मिळालं.

आता मी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम करते. परत उभ्यानंच. पुण्याची ती मला मोबाइलवर दिसत राहते. आज या देशात, उद्या त्या देशात. तिचं प्रत्येक भाषण मी बघते. थांबवते, तिचं इंग्रजी वाक्य मोठ्यानं म्हणते, पुन्हा म्हणते. जीभ वळेपर्यंत. माझं बोलणं परत कुणाच्या हाती द्यायचं नाही मला. वैशाली म्हणते, ‘‘सोड आता. जळून काय हुतंय? चांगली बाई हाय ती.’’

असेल चांगली. मी कुठं नाही म्हणते? चांगल्या बाईनंच माझ्या तोंडातलं वाक्य काढून घेतलं आणि स्वतःचं घातलं. गोड हसून. मला तिची माफी नको. तिची मदत तर नकोच नको. माझ्यासाठी कुणी खुर्ची सोडून उभं राहावं आणि त्याला टाळ्या पडाव्यात, तेही नको.

वर्कशॉपमधून आले की पाय पाण्याच्या बादलीत सोडते आणि एम.ए.चं पुस्तक उघडते. हेवा अजून तसाच आहे. कमी होईल असं वाटलं होतं, झाला नाही. आता होऊ पण देणार नाही. मला तिची जागा पाहिजे. तिच्या शेजारची नको. तिचीच.