जात्यावरची रेघ

गिरणीत ज्वारीच्या गरम पिठाचा वास आला की मला बदनापूरचं घर आठवतं. मी दहावीला होते. आई दळत होती आणि मी रडकुंडीला आले होते. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघालेला वारा, पृथ्वी फिरते म्हणून वळतो कसा, हेच कळत नव्हतं. पुस्तकातलं ते मी आईला वाचून दाखवलं.

आईनं जात्याच्या वरच्या दगडावर पीठ भुरभुरलं. "मी फिरवते. तू मधून काठाकडं बोट सरळ वढ."

रेघ वाकडी उमटली.

"बोट सरळच गेलं. त्याच्याखाली दगड फिरला ना!" शाळेत कधीच न गेलेली आई हसली. "मंग आपल्याकडं पावसाचा वारा बी असाच वळून येतो का?"

"ते परीक्षेला न्हाई," मी म्हणाले.

आता मी भूगोल शिकवते. पावसाचे वारे खरंच तसे वळून येतात. इतका नेमका प्रश्न वर्गात मला अजून कुणी विचारलेला नाही.